पाणी कधीही आलेले नाही

नाथाजी एजंटाला ह्या व्यवहारात एक लाख चौऱ्याऐंशी हजार सुटायचे होते. फ्लॅट शेहेचाळीस लाखांचा, कमिशन दोन टक्के, आणि तेही दोन्हीकडून. वजा रंगाचा एक डबा, सहाशे चाळीस रुपये. तो कशाला लागला, ते पुढं येईलच.

फ्लॅट सांगलीत, विश्रामबागेच्या अलीकडं, जिथं दर चौथ्या दुकानात दीडशे रुपयांना कॉफी मिळते. तिसरा मजला, लिफ्ट, बाल्कनीत झोपाळा. विकणारा राजवर्धन कुंडलच्या ऊसवाल्या घरातला, आता पुण्यात नोकरीला. घेणारे बिरदेव आणि सुलाबाई आटपाडीकडचे. आधी मेंढरं, मग डाळिंबं, आणि आता हायवेत गेलेल्या रानाचे पैसे. सुलाबाईची अट एकच. तीस वर्षं तिनं टँकरमागं घागर घेऊन पळण्यात घालवली होती. रानाचे सगळे पैसे घालायचे, तर नळाला पाणी असलेल्या घरातच.

म्हणून तिनं ना फरशी बघितली, ना झोपाळा. दारातच विचारलं, "हितं पाणी येतंय का?"

राजवर्धननं प्रश्न नीट ऐकलाही नाही. आधीच्या सतरा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं होतं, आणि उत्तर नाथाजीनं पढवून ठेवलं होतं. "छे हो, मावशी. थेंबभर येत नाही. आजवर कधी आलेलं नाही."

सांगलीत 'पाणी आलं' म्हणजे कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी ती चाळीस फुटांवर गेली की नदीकाठची माणसं गाद्या माळ्यावर टाकायला लागतात. आटपाडीकडं 'पाणी आलं' म्हणजे नळ आला, नाहीतर टँकर. राजवर्धननं एका पाण्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं होतं.

सुलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. आपल्या मालाबद्दल इतकं बेशरम खरं बोलणारा विकणारा तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. पाणी धो धो आलं.

"येतंय की गं," बिरदेव म्हणाला.

"आज येतंय," ती हळूच म्हणाली. "गिऱ्हाईक येनार म्हनून टाकीत टँकर वतलाय. पोरगी बघाय पावणं आलं की आपल्याकडं शेजारनं खुर्च्या आनत्यात, तसं."

नाथाजीला कुजबुज आवडली नाही. "काका, चार वाजता मिरजेची पार्टी येतीया. इसार देऊन टाका, म्हंजे फ्लॅट तुमचा."

"दिऊ की," सुलाबाई म्हणाली. "पर तेवढं पाण्याचं लिवून द्या."

राजवर्धन हसला. रकमेची जागा कोरी ठेवून त्यानं इसारपावतीवर लिहिलं, 'सदर इमारतीत पाणी कधीही आलेले नाही.' खाली सही. चेकबुक गाडीत आहे असं सांगून दोघं कागदासकट खाली निघाली.

जिन्यात बिरदेव वैतागला. "पाणीच न्हाई तर कागद कशाला घेतलास? चल घरला."

"आवं, मेंढराच्या बाजारात तुमी काय करता? खोड मालकाच्या तोंडनं वदवून घेता, मग दर पाडता. हितं तर त्यानं लिवून दिलीया. दर पडला तर आपला टँकर आपुन घालू."

पार्किंगमध्ये वॉचमनची बायको चंद्राबाई शेंगा निवडत बसली होती. सुलाबाई तिच्यापाशी टेकली. "बाई, खरं सांगा. हितं पाणी येतंय का?"

"येतंय की." चंद्राबाईनं छातीला हात लावला. "एकोणीसच्या पुराला हितवर. एकवीसला कमरंएवढं. त्यो खांब बघा. एजंटानं गेल्या आठवड्यात रंग दिलाय, तरी डाग वर आलाय."

"आन् नळाला?"

"नळाला रोजच हाय. त्येचं काय इचारता?"

सुलाबाईनं उठून खांबावरच्या डागावर बोट फिरवलं. संशय बरोबर होता, पाणी चुकलं होतं.

वर जाऊन तिनं कागद टेबलावर ठेवला. "सायेब, नळाला पाणी येतंय, आन् खालच्या खांबाला बी आलंय. तुमी लिवलंय कवाच आलं न्हाई. ह्यातलं कुठलं खरं धरू?"

राजवर्धननं नाथाजीकडं बघितलं. नाथाजी झोपाळ्याकडं बघत होता.

"खाली छातीभर आन् वर नळाला रोज. आमच्याकडं ह्येला खोड म्हनत न्हाईत," सुलाबाई म्हणाली. "पर तुमी लपीवलं, म्हंजे आता ती खोड झाली. बेचाळीस."

"मावशी, चव्वेचाळीस तरी."

"कागद त्या मिरजेच्या पार्टीला दावू का?"

बेचाळीसलाच झालं.

आता हिशोब. राजवर्धनचे चार लाख गेले. रंगाची अक्कल एजंटाची होती म्हणून त्यानं आपल्या बाजूचं कमिशन दिलं नाही. नाथाजीला बिरदेवकडून चौऱ्याऐंशी हजार मिळाले, म्हणजे धरलेल्यातले एक लाख बुडाले, डब्याचे वेगळे. सुलाबाईच्या नळाला रोज पाणी आहे. पण तिसरा मजला बेचाळीसला गेल्याचं कळलं, तसा इमारतीतल्या बाकीच्या अकरा फ्लॅटांचाही भाव चार-चार लाखांनी उतरला. पार्किंगमध्ये कोण बोललं, ते सोसायटीनं शोधून काढलं आणि महिनाअखेरीला वॉचमन बदलला. चंद्राबाईचे नवऱ्याच्या पगाराचे नऊ हजार गेले आणि राहायची खोलीही गेली. ती निघताना सुलाबाईनं तिला पाच किलो डाळिंबं दिली होती. तेवढी वजा धरावीत.