दुधाच्या पिशवीची पट्टी

"क्लचच्या बाजूचं सील गेलंय," संगप्पा म्हणाला. गाडी अजून नीट स्टँडवरही लागली नव्हती.

सायलेन्सरसमोर धरून वास घ्यायला उचललेला पांढरा फडका चंद्रप्पाच्या हातातच राहिला. निळसर पांढरा धूर गॅरेजच्या पत्र्याला लागून रस्त्यावर पसरत होता. समोरचा आडत दुकानदार नाकाला रुमाल लावून ओरडला, "आरं, मच्छर मारून राहिलात काय उदगीरचे?"

"बंद कर गं," चंद्रप्पा म्हणाला, आणि दामिनीने गाडी बंद केली.

दामिनी पंचविशीची. गाडी तिच्याहून थोरली. मातीच्या ट्रॅकवर उडवायची जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक, कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडलेली, तिने स्वतः शोधून आणलेली. रविवारी लातूरजवळ शर्यत होती. दोन महिन्यांपूर्वी संगप्पाने आपल्या गॅरेजात तिचं इंजिन खोलून रिंगा, सील, सगळं नवं घातलं होतं. पंधरवड्यापासून गाडी पुन्हा धूर ओकत होती. आणि आज संगप्पा स्वतःच गाडीला आणि दामिनीला घेऊन चंद्रप्पाच्या दारात आला होता. एका गावात राहून पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"मला ऐकू येतंय काय बिघडलंय ते," संगप्पा बाकड्यावर टेकत म्हणाला. "पण मी खोलून जोडलेलं इंजिन पुन्हा धुरावतंय. तू जोडलेलं धुरावत न्हाई. म्हणून म्हणलं, पोरीचा रविवार वाया जायला नगं."

चंद्रप्पाला हे कौतुक गोड लागायला हवं होतं. ते तोंडात कडू बदामासारखं फुटलं. आजाराचं नाव संगप्पानेच घ्यायचं, तेही बसल्या जागी. मग आपण काय, नुसते हात?

म्हणून त्याने पहिल्यापासून सुरू केलं. "पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकतीस?"

"मापानं टाकते काका. एका लिटरला तीस मिली."

त्याने एअर फिल्टर काढून पाहिला. स्वच्छ होता. प्लग काढला. ओला, काळा. शेवटी गिअरबॉक्सखालचा बोल्ट सोडला आणि ऑइल भांड्यात धरलं. निम्मंही निघालं नाही. बाकीचं ऑइल सील ओलांडून इंजिनाने पिऊन टाकलं होतं, तेच धूर होऊन आभाळात गेलं होतं.

"सीलच हाय," चंद्रप्पा म्हणाला.

संगप्पाने 'सांगितलं होतं' असंही म्हटलं नाही. तेही चंद्रप्पाला लागलं.

दोघं विशीचे असताना नांदेडात करीम उस्तादकडे एकत्र शिकले होते. उस्ताद गाडी चालू करायचे, डोळे मिटायचे आणि हाक मारायचे, "संगप्पा बेटा, सुन." संगप्पा कान लावायचा आणि सांगायचा. बरोबर निघायचं. चंद्रप्पाला उस्ताद 'ए उदगीर' म्हणायचे. नावाने कधी नाही. संगप्पाही उदगीरचाच होता, पण गाव मात्र एकट्या चंद्रप्पाच्या गळ्यात. रात्रंदिवस घासून त्याने हात कमावले. संगप्पाला कान आईच्या पोटातूनच मिळाले होते. जात्यात दाणा पडावा तसा तो 'बेटा' शब्द रोज चंद्रप्पाच्या छातीत पडायचा, आणि रोज त्याचं पीठ व्हायचं.

त्याने क्लचचं झाकण उतरवलं, गिअर ओढला, सील उपसलं. दोन महिन्यांचं सील, रबर अजून नवंकोरं. त्याने कडेवरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. केसाएवढी चीर.

त्याला ठाऊकच होतं ती कशाने पडली.

क्रँकच्या दांड्यावर गिअर अडकवणारी लोखंडी चावी बसायला एक खाच असते. खाचेची धार पात्यासारखी. सील सरकवताना ती कधी रबराला लागते, कधी लागत नाही. लागली की महिन्या-दोन महिन्यांनी धूर. उस्ताद दुधाच्या पिशवीची पट्टी कापायचे, ती ऑइलमध्ये बुडवून दांड्याभोवती गुंडाळायचे, वरून सील सरकवायचे आणि पट्टी अलगद ओढून घ्यायचे. एवढंच. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते. उस्तादांनी हे दाखवलं तेव्हा संगप्पाचे वडील शिवैक्य झाले होते आणि तो पंधरा दिवस गावी होता. परत आल्यावर कपाळाच्या ओल्या भस्मासकट त्याने विचारलं होतं, "काय शिकवलं रे उस्तादनं?"

"काय न्हाई. नुसती साफसफाई."

पुढे उस्ताद गेले. पट्टीची युक्ती एकट्या चंद्रप्पाकडे राहिली. संगप्पाच्या गाड्या फिरून येतात असं कुणी बोललं की चंद्रप्पाला त्या रात्री भाकरी जास्त जायची.

ड्रॉवरमध्ये धुऊन वाळवलेली पिशवी होती. नवं सील हातात होतं. आणि संगप्पा मान पुढे काढून बघत होता.

"संगप्पा, कोपऱ्यावर चहा सांगून ये की."

"येतो." तो गुडघ्यांवर हात देत उठला. जाता जाता दामिनीकडे बघून हसला. "आमचा पोरगा महांतेश म्हणायचा, अण्णा, तुमच्या गाड्या माहेरवाशिणीवानी हायत, दर सणाला माघारी येतात. लोकं त्याच्या तोंडावर बोलायची. लाजून पोरगं पुण्याला गेलं. गोदामात खोकी उचलतंय. चांगला हात होता बघ त्याचा."

तो दारापर्यंत पोचला.

"संगप्पा."

"काय?"

"चहा राहू दे. हिकडं ये."

चंद्रप्पाने पिशवी काढली. त्याच्यासमोर पट्टी कापली, ऑइलात बुडवली, दांड्यावर गुंडाळली. जुन्या सीलची चीर त्याच्या नखाखाली दिली. संगप्पाने एकदा चीर बघितली, एकदा खाच. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. कधीच लागत नसे.

"उस्तादनं दाखवलं?"

"हाव."

"कधी?"

"तू गावाकडं होतास तवा. तुझे अप्पा गेल्ते."

बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"मी इचारलो होतो तुला."

"हाव. इचारला होतास."

दामिनी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. संगप्पाने बाह्या वर सारल्या.

"सरक."

तो पाटावर बसला. बोटाने पट्टीची घडी सारखी केली, सील टेकवलं, चारी बाजूंनी अंगठे दिले. सील सुळकन आत गेलं. पट्टी मागे आली, अख्खी. पहिल्याच दमात. चंद्रप्पाला हे जमायला चार सीलं फाडावी लागली होती. इतक्या शरमेतही त्याचा मत्सर उठून बसला. पण त्याने संगप्पाच्या हातांवर धरलेल्या बॅटरीचा उजेड हलू दिला नाही.

झाकण चढलं, ऑइल भरलं. दामिनीने किक मारली. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल दहा मिनिटं जळत राहिलं. मग धूर विरला, विरत विरत दिसेनासा झाला, आणि आवाज कोरडा, खणखणीत येऊ लागला.

"काका, लई भारी! शर्यतीत कुणी इचारलं तर कुणाचं काम म्हणून सांगू?"

"संगप्पाचं," चंद्रप्पा म्हणाला.

संगप्पाने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि निरोप न घेता निघाला.

चंद्रप्पा दारात उभा राहिला. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली संगप्पा थांबला. खिशातून फोन काढून त्याने कानाला लावला. पलीकडून कुणीतरी उचलला असावा, कारण त्याचे ओठ हलले, एकदा, 'महांतेश' म्हटल्यासारखे. मग नुसताच ऐकत राहिला. थोड्या वेळाने त्याने फोन खाली घेतला, शर्टाच्या टोकाने त्याची काच पुसली, आणि घराकडे न वळता भर दुपारी तिथेच उभा राहिला.