पिंपळाखालची वायसरं

भागवतच्या शेतात सोयाबीन काढायचं चाललं होतं आणि ट्रॅक्टरला जोडलेला गोविंदाचा हडंबा सकाळपासून खडखडत होता. मळणीचं मशीन काही मुकाट चालत नसतं, पण हा आवाज वेगळा होता. मी गंजीवरून सोयाबीन खाली ओढत होतो. गोविंदा मशीन थांबवायचा, आतल्या पात्यांचे नट आवळायचा. घटकाभर बरं, की पुन्हा खडखड.

डोंगराकडून काळं आभाळ चढत होतं. भिजलेल्या सोयाबीनला बाजारात कुत्रं विचारत नाही.

"चालू दे बे गोविंदा, पानी येऊन राह्यलं," भागवत सारखा टोचत होता.

धाड गावचा शाकिर मिस्तरी मोटरसायकलवरून बांधाकडेनं चालला होता. आवाज ऐकून तो थांबला. मशीन बंद करायला लावलं, झाकण उघडून आत वाकला.

"नटाखालचे कट वायसर कोठी गेले रे याचे?"

"मायनं काढाले लावले," गोविंदा म्हणाला.

त्याची माय रुखमाबाई भाकरी घेऊन आली होती. या बाईच्या घरात तडा गेलेला आरसा नाही की कान तुटलेला कप नाही. फुटकं सगळं गावच्या पिंपळाखाली, जुन्या देवांच्या फोटोंपाशी.

"मंग काय करू?" ती म्हणाली. "दसऱ्याले मशीन पुसता पुसता पाह्यलं, तं समद्या कड्या फुटेल. पूजेत फुटकं चालते काय? चांगल्या साबूत बसवाले लावल्या."

शाकिर हसला नाही, याचीच मला भीती वाटली.

"मावशी, ते फुटेल नाय, कापेलच रायते. दाबलं का ते उलटं रेटते, म्हनून नट जागा सोडत नाय. साबूत कडी नुसती पडून रायते. मशीन हादरलं का नट फिरला. आतलं पातं सुटलं तं कोनाचं नाव इचारनार नाय. कोठी टाकले?"

"पिंपळाखाली."

"बसा गाडीवर. अन् गोविंदा, आमी येऊस्तोवर टॅक्टर चालू करू नको."

ती दोघं गेली आणि थेंब पडायला लागले, टपोरे, मातीत खड्डा पाडणारे. भागवत उघड्या गंजीभोवती येरझाऱ्या घालायला लागला.

गोविंदानं पाना घेतला आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन नट आवळले.

"एवढी गंजी काढून घेऊ," तो म्हणाला.

"थांब ना जरासा," मी म्हणालो. पण तोवर ट्रॅक्टर धडधडायला लागला होता.

आधी आवाज चांगला होता. मग खडखड सुरू झाली. मग आत काहीतरी पत्र्यावर आपटलं आणि मशीनच्या तोंडातून उलटं बाहेर आलं. त्या तोंडात गोविंदाचा उजवा हात सोयाबीन लोटत होता.

ट्रॅक्टर मीच बंद केला. भागवतनं धोतर फाडून हात बांधला. पाऊस आला तसा दोन शिंतोडे टाकून निघूनही गेला.

रुखमाबाई पदरात वायसरं बांधून परत आली. मशीनचा आवाज नाही हे ऐकून ती बांधावरूनच म्हणाली, "बंदच ठेवलं ना बापा? चांगलं केलं."



पुढच्या दसऱ्याला मी त्यांच्या अंगणात होतो. शाकिरनं पिंपळाखालची वायसरं केव्हाच बसवून दिली होती. रुखमाबाईनं मशीन धुतलं, झेंडूची माळ घातली, प्रत्येक कापलेल्या कडीला कुंकू लावलं. गोविंदा दाराशी उभा होता. सदऱ्याची उजवी बाही लोंबत होती.

"ये ना बापा, पूजेले बस."

"मी बसू काय, माय? फुटकं चालत नाय तुले पूजेत."

तो हसतच म्हणाला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

रुखमाबाईनं त्या रिकाम्या बाहीला धरून त्याला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं नारळ आपटला, तर खालचा दगडच सरकला. मग तिनं खाली बसून तो दगड दोन्ही हातांनी दाबून धरला आणि ती म्हणाली, "हान आता."