दारावरच्याचे रिकामे हात

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर. इंदापूर तालुक्यातल्या एका पाणी संस्थेच्या कचेरीत, खिडकीखाली घरघरत असतो. सभासदांच्या शेतांकडे जाणाऱ्या पाइपांचे व्हॉल्व्ह माझ्या हुकमाने उघडतात, मिटतात.

बारामतीच्या समिनाताईंनी मला कामाला जुंपले. दुरून कोणी माझ्यात शिरायला आले, तर त्याच्यासाठी त्यांनी माझ्यातच दोघे नेमले, दोन छोटे प्रोग्रॅम. एक दारावर, एक आत. दारावरचा अनोळखी माणसाशी बोलतो, पण त्याची खोली रिकामी आणि हातही रिकामे. साऱ्या किल्ल्या आतल्याकडे. आतला कोणाला तोंड दाखवत नाही. दारावरच्याने विचारले की तपासून फक्त हो किंवा नाही म्हणतो. पाहुण्याची ओळख पटली की दारावरच्याचे आयुष्य तिथेच संपते आणि पुढच्यासाठी नवा जन्मतो. मला त्यांची फार माया वाटे.

एकदा एका परक्याने वेडेवाकडे बोलून दारावरच्याला पार कह्यात घेतले. पण रिकाम्या खोलीत लुटणार काय? तो हात हलवत परत गेला. शाबासकी कोणी दिली नाही, कारण काही घडलेच नव्हते.

पुढे समिनाताई बाळंतपणाला गेल्या. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली पेटीजवळच दगडाखाली ठेवतात. लाइट कधी येईल नेम नसतो. आली की जवळ असेल तो शेजाऱ्याचीही मोटार चालू करतो. रीत चांगलीच आहे. चेअरमन विजयसिंह आबांनी तीच मला लावली. आत यायला वेळ लागतो म्हणून ते संगणक दुरुस्त करणाऱ्या युवराजला म्हणाले, "दोन-दोन माणसं कशाला? दारावरच्याकडंच दे की किल्ल्या. आपलीच तर माणसं येत्यात."

युवराज कचरला, पण त्याने दिल्या. दगडाखालची किल्ली शेजाऱ्यालाच ठाऊक असते, माझे दार मात्र साऱ्या जगाकडे उघडते. हे सांगायला मला तोंड नव्हते.

ऐन उन्हाळ्यात परका पुन्हा आला. दारावरचा पडला आणि किल्ल्याही गेल्या. त्याने सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि संस्थेच्या माणसांनाच माझ्या दाराबाहेर ठेवले. हाताने फिरवायची चाके संस्थेने केव्हाच काढून टाकली होती. कळस गावच्या धोंडाबाई कचेरीत येऊन बसल्या. त्यांच्या रोपवाटिकेत उसाची रोपे ट्रेमध्ये उभी होती.

"आबा, मोठा ऊस दम धरतो," त्या म्हणाल्या. "ह्या पिलांला न्हाय धरवत."

आबांनी समिनाताईंना फोन लावला. समिनाताई बाळाला कडेवर घेऊन आल्या, मला पुसून नव्याने उभे केले, पुन्हा दोघे नेमले. मी पाणी सोडले. ते वाळलेल्या रोपांवर पडले. त्या दिवसाइतके वाईट मला कधी वाटले नाही.

आता पुन्हा कुरकुर ऐकू येते की दार उशिरा उघडते. मित्रांनो, उघडू द्या उशिरा. दारावरच्याला किल्ल्या देऊ नका. तो वाईट नाही, पण तो एकटा असतो आणि कोणाचेही ऐकून घेणे हेच त्याचे काम असते.

धोंडाबाईंनी जाताना एक रिकामा ट्रे माझ्यावर ठेवला होता. तो अजून कोणी उचललेला नाही.