रविवारचा आकडा

रविवारी सकाळी दहा वाजता घड्याळजींच्या दुकानात गेलात, तर तुमचं घड्याळ बंद पडलेलं असो की नुसता पट्टा तुटलेला असो, तुम्हाला थांबावंच लागे. त्या वेळी ते फोनवर असत. आणि फोनवर जे बोलणं चाले ते ऐकून नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, की हा दिसायला सभ्य माणूस आकडे लावण्याच्या नादी लागलाय.

"बोल."

"एकशे एकवीस."

"जुळलं. ठेवते."

बस्स, एवढंच. पलीकडे असायची त्यांची ताई. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि बसने चार तासांवरच्या गावात एकटी राहणारी. एकटी म्हणजे आनंदाने एकटी. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खाली औषधांचं दुकान, समोर टपाल कचेरी, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ब्लेडने टोक काढलेल्या सहा पेन्सिली. यापलीकडे जगात माणसाला काय लागतं, असा तिचा सवाल असे.

एकोणीस वर्षं ही भावंडं कसोटी क्रिकेटच्या संघांची क्रमवारी आपापल्या वहीत, आपापल्या हाताने काढत होती. पेपरात बघायचं नाही, मोबाईलवर बघायचं नाही, आणि रविवारी दहाला पहिल्या नंबरच्या संघाचे गुण एकमेकांना सांगायचे. एका रविवारी आधी ताई सांगणार, पुढच्या रविवारी घड्याळजी. क्रिकेटचं वेड म्हणाल तर तसंही नाही. पाच दिवसांची मॅच बघायला बसली की ताईला दुसऱ्याच दिवशी डुलकी लागे. तिचा जीव होता तो हिशेबात.

हिशेब म्हटला तर सरळ आहे. कसोटी जिंकली, की समोरच्या संघाचे जेवढे गुण असतील त्यात पन्नास मिळवायचे आणि ते आपल्या नावावर लावायचे. हरली, की समोरच्याच्या गुणांतून पन्नास वजा करून उरतील ते. अनिर्णित सुटली, की समोरच्याचे जेवढे तेवढेच. म्हणजे दुबळ्याला लोळवून फारसं हाती लागत नाही, आणि तगड्याला हरवलं की चांदी. दोघांत चाळीस गुणांची दरी पडली की गणित बदलतं, मालिका जिंकल्याचं आणखी वेगळं. मग या सगळ्याची सरासरी. त्यात मॅचेस धरायच्या त्या गेल्या तीन-चार वर्षांच्याच. जुन्यांचं वजन अर्धं, आणि त्याहून जुन्या तर बादच.

हा शेवटचा नियम ताईला फार आवडे. "आपल्या नातेवाइकांना हा कुणीतरी शिकवायला हवा," ती म्हणायची. "दहा वर्षांपूर्वी कोण कुणाला काय बोललं, ते अजून शंभर टक्के धरून बसलेत."

दोन वर्षांपूर्वी मात्र या रविवारच्या खेळात एक गंभीर गोष्ट शिरली. ताईचा मुलगा, म्हणजे घड्याळजींचा भाचा, आईला आपल्याकडे न्यायचं म्हणून हटून बसला. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, आईसाठी वेगळी खोली. मुलगा चांगला होता, त्यात वाद नाही. पण त्या खोलीचं नाव काढलं तरी ताईच्या अंगावर काटा यायचा.

"हे बघ काट्या," ती घड्याळजींना म्हणाली. लहानपणी ते इतके किडकिडीत होते की ताईने त्यांचं नावच काट्या ठेवलं होतं, आणि एकसष्टाव्या वर्षी पोट सुटल्यावरही तिने ते मागे घेतलं नव्हतं. "माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर मी इथून हलणार नाही. पण म्हातारपणी डोकं गेलं तर ते ज्याचं त्याला कळत नाही. म्हणून तुझ्यावर सोपवते. ज्या रविवारी माझा आकडा चुकेल, त्या रविवारी तू पोराला फोन कर. मी निमूट सामान बांधीन. मला सांभाळून घ्यायचं नाही. कबूल?"

"कबूल. आणि माझा चुकला तर तू माझ्या बायकोला फोन कर."

"तुझा कशाला चुकतोय! सुईच्या टोकाएवढे स्क्रू बसवतोस तू."

त्यावर दोघंही हसली होती.

आता या मे महिन्यातली गोष्ट. पहिला रविवार, सांगायची पाळी ताईची. घड्याळजींनी वही उघडून समोर ठेवली होती. त्यांचं उत्तर होतं एकशे एकवीस. तसं पाहिलं तर नवीन काढायचं काही नव्हतंच. जवळजवळ महिनाभर कुठल्याच संघाने कसोटी खेळलेली नव्हती, त्यामुळे मागच्या रविवारचाच आकडा पुढे आला होता.

"एकशे अठरा," ताई म्हणाली.

कुणी बॅटला हातसुद्धा लावला नाही, आणि आकडा तीनने खाली? घड्याळजींनी वहीकडे पाहिलं, भिंतीवरच्या टिकटिकणाऱ्या अकरा घड्याळांकडे पाहिलं, आणि तोंडातून शब्द गेला, "जुळलं."

"ठेवते," ताई म्हणाली.

एकोणीस वर्षांत ते ताईशी पहिल्यांदा खोटं बोलले होते. दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागेना. डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी पाऊण तास शोधलं. खण उपसले, मखमलीचा तुकडा झटकला, शेजारच्या चाव्या बनवणाऱ्यावर उगाच संशय घेतला, आणि शेवटी त्यानेच येऊन ते त्यांच्या कपाळावरून खाली ओढलं. संध्याकाळी घरी आल्यावर बायको म्हणाली, "डबा ओट्यावरच राहिला आज. या महिन्यातला चौथा. डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही इथेतिथे ठेवून आला असता."

"ताईच्या विचारात होतो," घड्याळजी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढच्या रविवारी पाळी त्यांची. आठवडाभर त्यांनी मनाशी एकच धरलं होतं: आपण खरा आकडा सांगायचा. ताई लगेच म्हणेल, अरे, मागच्या रविवारी माझंच चुकलं होतं, वजाबाकीत घसरले. मग एकदा हसायचं आणि विषय संपवायचा.

"एकशे एकवीस," ते म्हणाले.

पलीकडे काहीच नाही. खालच्या औषधांच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

"जुळलं," ताई हळूच म्हणाली. "जेवण वेळेवर करतोस ना रे?"

आता मात्र घड्याळजींची खात्रीच पटली. गेल्या रविवारी एकशे अठरा म्हणणारी ताई या रविवारी एकशे एकवीसलाही जुळलं म्हणते! स्वतः काय सांगितलं तेही हिला आठवत नाही? आणि वर हे जेवणाचं काय मध्येच? एकोणीस वर्षांत तिने कधी जेवणाची चौकशी केली नव्हती.

बुधवारी भाच्याचा फोन आला. "मामा, खोलीला रंग दिलाय. आईचं काय? तुम्ही दर आठवड्याला बोलता, तुम्हाला काही जाणवतं का?"

दिलेल्या शब्दाप्रमाणे सांगायला हवं होतं. घड्याळजींच्या डोळ्यांसमोर त्या सहा पेन्सिली आल्या. त्या अकराव्या मजल्यावर गेल्या तरी पेन्सिलीच राहतील, पण ताई ताई राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मला एकदा जाऊन बघू दे," ते म्हणाले. "शुक्रवारी सांगतो."

गुरुवारी दुकान बंद ठेवून, वही पिशवीत टाकून ते पहाटेच्या बसने निघाले. दार ताईनेच उघडलं. पातळ नीटनेटकं, केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. घड्याळजींना उलट जास्तच वाईट वाटलं.

मग स्वयंपाकघरात जे सुरू झालं ते बघायला तिसरं माणूस हवं होतं. दोघंही एकमेकांशी इतकं गोड बोलायला लागली की जणू दोघांपैकी एक आजारी आहे. तसं दोघांनाही वाटतच होतं म्हणा.

"गॅस बंद केलास ना ताई?"

"केला. तू कितीच्या बसने आलास रे?"

"सहाच्या. आज वार कुठला गं?"

"गुरुवार. आणि बस कुठे बदलावी लागली?"

"कुठेच नाही, थेट होती. तुझी गोळी घेतलीस?"

"मला गोळी नाहीच काट्या. तुला आहे का काही?"

चहा झाला. घड्याळजींनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. ताईने आपली वही तिच्याशेजारी ठेवली, जणू ती याचीच वाट बघत होती. शाळेत दोन मुलांच्या उत्तरपत्रिका अशा शेजारी ठेवून ती नक्कल पकडायची, तशाच.

घड्याळजी ओळीवर बोट ठेवून खाली सरकू लागले. मॅच, समोरचा संघ, गुण, वजन. ताईचं अक्षर नेहमीसारखं, छापल्यागत. मग त्यांचं बोट थांबलं.

"ताई, तुझं पहिलं वर्षच नाही इथे. अकरा मॅचेस गायब आहेत."

"बाद केल्या."

"आणि या सतरा? यांचं वजन तू अर्धं धरलंयस. एप्रिलपर्यंत आपण पूर्ण धरत होतो."

"हो. एप्रिलपर्यंत."

"मग मध्येच कशा अर्ध्या होतील? कुणी एक चेंडू टाकलेला नाही!"

ताईने चष्मा काढला. वर्गातल्या हुशार मुलाचं गणित अडलं की जसं बघायची तसं तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "काट्या, महिना कुठला चाललाय?"

"मे," घड्याळजी म्हणाले.

आणि स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला. दर वर्षी मे महिना लागला की सगळ्यात जुनं वर्ष गळतं आणि पुढचं एक वर्ष अर्ध्यावर येतं. त्यासाठी कुणाला खेळावं लागत नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, असा हा नियम. अठरा मे महिने त्यांनी तो पाळला होता. त्यांच्याच वहीत, अठरा पानांवर, त्यांच्याच अक्षरात लाल शाईने लिहिलेलं होतं: जुनं वर्ष बाद. एकोणिसाव्या पानावर काहीच नव्हतं.

आता त्यांना भीती वाटत होती ती स्वतःची.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"पहिल्या रविवारी नव्हतं. तू जुळलं म्हणालास, मी खूष. दुसऱ्या रविवारी तू एकशे एकवीस म्हणालास तेव्हा कळलं." ताईने पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "तुझ्या बायकोला फोन करायचा म्हणून तीनदा नंबर लावला आणि तीनदा बंद केला. मला सांभाळून घ्यायचं नाही, असं तुला बजावणारी मी. आणि मीच तुला सांभाळून घेतलं. मला नाही जमलं रे."

"मलाही नाही जमलं," घड्याळजी म्हणाले, आणि भाच्याची, त्याने रंगवलेल्या खोलीची सगळी हकिगत त्यांनी सांगून टाकली. ताई ऐकून हसली, पण डोळे पुसतच.

"ऐक," ती म्हणाली. "एका मॅचवरून कुणाची क्रमवारी ठरत नाही. निदान तीन वर्षांचं बघतात. एक मे चुकला तुझा, त्यात काय एवढं?"

घड्याळजींना कपाळावरचं भिंग आठवलं. ओट्यावर राहिलेले चार डबे आठवले. दोन गिऱ्हाइकांना दिलेली एकमेकांची घड्याळं आठवली. तेव्हा बायकोने दोघांच्या घरी जाऊन ती बदलून आणली होती आणि वर चेष्टाही केली होती. आता त्यांच्या ध्यानात आलं, की ती हल्ली चेष्टा जरा जास्तच करते.

"एक मॅच नाही गं ताई," ते म्हणाले. "सिरीज चाललीय."

ताईने त्यांचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा मनगटापाशी.

मग घड्याळजींनी दोन फोन केले. पहिला भाच्याला. "तुझ्या आईचा आकडा अगदी बरोबर आहे. तिला तिथेच राहू दे. खोलीत पुस्तकं ठेव." दुसरा फोन करायला त्यांना अर्धा तास लागला.

"पोचलात?" बायको म्हणाली. "ताई कशा आहेत?"

"ताई ठणठणीत आहे. आकडा माझा चुकला. मला तुला जे सांगायचंय ते..."

"कळलं मला," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुम्ही कधी बोलताय याचीच वाट बघत होते. डॉक्टरांचा नंबर गेल्या महिन्यातच घेऊन ठेवलाय. सोमवारची वेळ घेते. दोघं जाऊ."

फोन ठेवून ते परत टेबलाशी आले. ताईने त्यांच्या वहीचं एकोणिसावं पान उघडून ठेवलं होतं आणि शेजारी लाल पेन. त्यांनी लिहिलं: जुनं वर्ष बाद. मग पेन्सिल घेऊन सतराच्या सतरा मॅचेस एकेक करून अर्ध्या केल्या. ताईने मध्ये एकदाही आकडा सुचवला नाही. दीड तास लागला. आधी ते हे वीस मिनिटांत करायचे.

"एकशे अठरा," शेवटी ते म्हणाले.

"जुळलं," ताई म्हणाली. "रविवारी पाळी माझी आहे. पण आधी तूच सांग."