एप्रिलमधली कानटोपी

बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी, आणि गिरिधर घरात आरशापुढं कानटोपी घालून उभा. अंगात स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, त्यावर पिवळा रेनकोट. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप.

"बर्फाले हे पुरते," तो आरशाला म्हणाला. "पन जंगलाचं काय करतं बे गिरिधर?"

कारण जायचं दोन्हीकडं होतं. अरुणाचल. आधी वर, जिथं एप्रिलमधेही खिंडीत बर्फ पडलेला असतो. मग खाली, जिथं झाडं इतकी दाट की भर दुपारी अंधार, कपडे वाळता वाळत नाहीत आणि पानापानावर जळवा टपून बसलेल्या. एका ब्यागेत दोन दुनिया कोंबायच्या, आणि कोंबणारा माणूस जन्मभर नंदनवन वस्तीतल्या गल्लीत कूलर दुरुस्त करत आलेला. थंडी म्हणजे त्याच्या लेखी कूलरच्या पंख्यापुढं तोंड धरणं.

बेत मुळात त्याचा नव्हता. पंचफुलाचा होता, त्याच्या बायकोचा. तिनं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि हट्टच धरला. "मले बर्फाले हात लावाचा आहे. फ्रिजातल्या नाही, खऱ्या!" हिवाळ्यात तिबेटी लोकांच्या दुकानातून दोन कानटोप्याही आणून ठेवल्या, एक मरून, एक निळी. गेल्या पावसाळ्यात ती गेली. कानटोप्या राहिल्या.

ब्यागेची चेन लागेना. गिरिधर वर बसला, गुडघे टेकवले, शिव्या दिल्या. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण सगळं डाव्याच बाजूला भरलंय. स्वेटर, मोजे, जळवांसाठी मिठाच्या पुड्या, टॉर्च, सगळ्याचा डावीकडं डोंगर आणि उजवी बाजू सपाट. कुहीला गावाकडं जायचं असो की कुणाच्या लग्नाला, उजवी बाजू पंचफुलाची असायची. त्यानं डोक्यावरची कानटोपी काढली. मग दोन्ही कानटोप्या उजवीकडं ठेवल्या. चेन लागली.

आता एकच गोष्ट बाकी होती. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर घरचं कुणीतरी दही-साखर ठेवतं. आधी आई ठेवायची, मग पंचफुला. गिरिधरनं सकाळीच वाटीत दही काढलं, दोन चमचे साखर घातली, ढवळली. पण आपल्याच हातानं आपल्या हातावर ठेवायचं तर ते नुसतं दही खाणं झालं. ठेवणारा पाहिजे.

म्हणून तो आधी कोपऱ्यावर गेला. तिथं जितेंद्रचा पानठेला. जितेंद्र पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता, आणि दोघंचौघं सावलीत टेकले होते.

"काय गा गिरिधर," जितेंद्र म्हणाला, "आज कोनाले बनवून राहिला?"

"कोनालेच नाही. चार वाजताच्या गाडीनं जाऊन राहिलो. अरुणाचलले. पाच-सहा खर्रे बांधून दे."

"तिकडं खर्रा भेटत नाही का?"

"खाले नाही गा. जळू चिकटली की तिले लावाले. तंबाखूनं सुटते म्हनते."

सगळा ठेला हसला. एकाला तर ठसकाच लागला. "जळूले खर्रा! अन् तिले सवय लागली मंग?"

"खरं सांगून राहिलो बे! हे पाहा तिकीट."

"असं तिकीट तं मी बी मोबाईलवर बनवून देतो," जितेंद्र म्हणाला. "अन् एप्रिलमधे कूलरवाला गाव सोडते का कुठं? जा, भाऊ, जा. तेवढं चारधामचं दर्शन यावेळी नीट घेजो."

चारधाम म्हटल्यावर गिरिधरनं तिकीट परत खिशात घातलं. कारण तीन वर्षांपूर्वी त्यानं आणि पंचफुलानं चारधामला निघतो म्हणून गल्लीभर निरोप घेतले होते. लोकांनी हार घातले, नारळ दिले, बायकांनी डोळे पुसले. ऑटो कोपऱ्यावरून वळला आणि मागच्या गल्लीतून हे दोघं परत घरात! पुढं कुलूप, मागं कडी. अंधारात मटण-भाकर खात दोघं बाहेर ओट्यावर बसलेल्यांच्या गप्पा ऐकत राहिले. गिरिधर किती चांगला माणूस आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि पंचफुलाला हसू आवरेना. तिच्या हसण्यानंच चोरी पकडली गेली. त्यानंतर गिरिधरनं गल्लीत सूर्य उगवला म्हटलं तरी लोक वर बघून घ्यायचे.

पुण्यात राहणाऱ्या पोरानं, विक्रमनंही, फोनवर विश्वास ठेवला नव्हता. "बाबा, आता आई नाही ना. पुरे करा ना हे."

परत येताना गिरिधरनं शेजारी हाक मारली. वच्छलावहिनी ओट्यावर कुरडया पालथ्या करत होत्या. पंचफुलाची जिवाभावाची मैत्रीण. तो घरातून वाटी घेऊन आला आणि झाकण काढून त्यांच्यापुढं धरली.

"वहिनी, एवढं माह्या हातावर ठेवा ना. निघून राहिलो."

वच्छलावहिनींनी आधी वाटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "काहून? मीठ हाय का चुना?"

"दही हाय वं वहिनी. साखर टाकून."

"होळीले बर्फी म्हनून साबन कोनं चारला होता भाऊजी? अजून फेस येऊन राहिला मले."

तो नेहमीसारखा हसला. दुसरं करणार काय? त्याचा चेहराच तसा होता, रडायला लागला तरी लोकांना वाटायचं आता काहीतरी काढतो खिशातून. "बरं, चाखून तं पाहा."

"मी नाही हात लावत बापा!" त्यांनी कुरडयांचं सूप उचललं. "अन् पंचफुला गेल्यावर एकट्यानं असे खेळ खेळू नोका. बरं नाही दिसत."

त्या आत गेल्या. गिरिधर वाटी धरून उन्हात उभा राहिला. मग त्यानं ती आपल्याच ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीला, झाकून ठेवली.

ऑटो आला. ठेल्यापुढून जाताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मागच्या गल्लीतून ये, हं! मटन आमच्यासाठी बी ठेवजो!" गिरिधरनं राजासारखा हात हलवला. ऑटोवाल्यानं विचारलं, भाऊ, तुमी नेता हा काय? गिरिधर म्हणाला, "होतो."

गाडी वेळेवर सुटली. खिडकीपाशी त्याची जागा, समोर कुणी नाही. कामठी स्टेशन मागं पडलं आणि फोन वाजला. जितेंद्र.

"काय गा, दुकानाले अजून कुलूप! तिकडं एकाच्या कूलरची मोटर जळली. कुठं हा बे तू?"

गिरिधरनं बाहेर पाहिलं. सुकलेली शेतं, एक बैल, दूरवर झाडं. रेल्वेत बसलोय असं म्हणणार होता तो. पण तोंडानं आपली सवय सोडली नाही.

"घरातच हावो," तो हळूच म्हणाला. "ओळखून दाखव कुठं लपलो."

"मी म्हनलं नव्हतं?" जितेंद्र तिकडं ओरडला. "अबे, घरातच हाय थो! चला!"

मग गिरिधर फोन कानाला लावून ऐकत बसला. चपलांचा आवाज. मागच्या अंगणाचं दार ढकललं. "गिरिधर! निंघ बाहेर!" टाकीमागं पाहा, गिरिधर म्हणाला. "टाकीमागं नाही बे!" जिन्याखाली पाहा. पोरंबाळं धावत होती, कुणीतरी बादली लाथाडली, कुणीतरी हसत होतं. "गिरिधर! ओ गिरिधरभाऊ!" अख्खी गल्ली त्याच्या नावानं हाका मारत होती. एवढ्या हाका त्याला कित्येक महिन्यांत कुणी मारल्या नव्हत्या. त्यानं फोन कानाशी आणखी दाबला.

मग वच्छलावहिनींचा आवाज आला, जवळून. "हे तं थेच दही. ओट्यावरच ठेवून गेले."

"नोका खाऊ वहिनी, चुना असन!" जितेंद्र म्हणाला.

वाटीवरचं झाकण वाजलं.

"गोड हाय गा," वच्छलावहिनी म्हणाल्या. "गोडच हाय."

तिकडच्या हाका एकेक करून थांबल्या. मग त्यांनीच फोन घेतला असावा, कारण श्वास ऐकू येत होता. "भाऊजी? कुठं हा तुमी? खरं सांगा."

गिरिधरनं तोंड उघडलं. पण गाडी कन्हानच्या पुलावर चढली होती, आणि लोखंडाच्या त्या खडखडाटात काही बोलून उपयोग नव्हता. तो धडधडता आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जावा म्हणून त्यानं फोन खिडकीबाहेर धरला, आणि दुसऱ्या हाताचा तळवा मांडीवर उघडा ठेवला.