बघते, बघतेय, बघितलं

वाळूजच्या रबर कारखान्यात करुणा साळवे नऊ वर्षं क्वालिटीत होती. तेल गळू नये म्हणून इंजिनात बसणारं सील हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं की ती दोष सांगायची, आणि मग मायक्रोस्कोपही तेच सांगायचा. तिच्या कामाला नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती. पण इंग्रजीत उत्तर द्यायची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटायची.

दिवाळीच्या आधी पोलंडहून गिऱ्हाईक कंपनीच्या बाई कारखाना बघायला आल्या. मशीनपाशी उभं राहून त्यांनी हाक मारली, "करुणा, कॅन यू कम हिअर?" हातातला ट्रे खाली ठेवत करुणा लगबगीनं म्हणाली, "येस मॅडम, आय केम."

बाईंना काही कळलं नाही. एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघणाऱ्या सत्यमला मात्र पुरतं कळलं. त्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत ती दिसली की तो हळूच विचारायचा, "ताई, केम का?" बाकीचे हसायचे. करुणाही हसायची, आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठायची.

बजाजनगरात तिच्या खालच्या मजल्यावर वहिदाआपा राहायच्या. शहरातल्या उर्दू शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. एका रविवारी करुणानं वही घेऊन त्यांचं दार वाजवलं आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं.

आपा हसल्या नाहीत. "तुझं इंग्रजी चुकत नाय बेटा. तू मराठीच बोलतेस, फकत अल्फाज इंग्रजी. आपण अजून जागेवरून उठलेलो नसतो आणि म्हणतो 'आले'. भूक आत्ता पोटात असते आणि म्हणतो 'लागली'. इंग्रजीला हे चालत नाय. ती घड्याळ बघून बोलते."

"मग आपा, कोणतं पुस्तक आणू?"

"पुस्तक कशाला? मी विचारते, तू जवाब दे. सोचायला टाइम मिळणार नाय."

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आली की करुणा अर्धा तास आपांच्या स्वयंपाकघरात बसू लागली. आपा मेथी निवडत विचारायच्या, गॅस बंद केलास का? झालेलं काम असेल तर 'आय हॅव'. लगेच पुढचा सवाल, कधी? आणि करुणानं 'हॅव' तसाच ओढत नेला की आपा मेथीची काडी तिच्या अंगावर टाकायच्या. "वेळ सांगितलीस ना? मग हॅवला सुट्टी." दारावरची बेल वाजली की उठता उठता म्हणायचं, "आय'ल गेट इट." आत्ताच्या आत्ता ठरवलेलं काम, म्हणून 'विल'.

सगळ्यात जास्त ती अडली 'बघते' या शब्दावर. मराठीत एका 'बघते'वर सगळं भागतं. रोज बघते, आत्ता बघते, नंतर बघते, आणि टाळायचं असलं तरी बघते. इंग्रजीत त्याची वेगवेगळी उत्तरं होती आणि ती तिच्या तोंडात एकमेकांत अडकायची. पंधराएक दिवसांनी ती वैतागली. "मला नाय जमायचं आपा. माझं डोकं सीलमधीच बरं."

"सीलची कड बोटाला पहिल्या दिवशी कळली होती का?" आपांनी विचारलं. करुणा पुन्हा बसली.

फेब्रुवारीत अडचण आली. आधीच्या मालातल्या सीलच्या कडेला रबराची बारीक झालर राहिली होती. पोलंडच्या बाई रागावल्या होत्या. मालक अतुलसरांनी सीलचा नवा साचा, म्हणजे मोल्ड, बनवून घेतला, बसवला, आणि शुक्रवारी नवा माल निघायचा होता. ट्रक गेटपाशी उभा होता. शेवटचा खोका करुणाच्या टेबलावर तपासणीत होता. तेवढ्यात बाईंचा व्हिडिओ कॉल आला. अतुलसरांनी करुणालाही रजिस्टर घेऊन आत बोलावलं. बोलायचं काम सत्यमचं होतं.

"हॅव यू चेंज्ड द मोल्ड?" बाईंनी विचारलं.

सत्यमला प्रत्येक क्रियापदाला 'इंग' लावल्याशिवाय वाक्य इंग्रजी वाटत नसे. "येस मॅडम, वुई आर चेंजिंग."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. म्हणजे अजून बदलतच आहात? मग या मालाची तपासणी?

"वुई विल चेक, मॅडम."

मग बाई थंडपणे म्हणाल्या की तसं असेल तर माल पाठवू नका. अतुलसरांचा चेहरा उतरला. काय बिघडलं ते त्यांना कळत नव्हतं, आणि सत्यमलाही नाही. करुणाला कळलं होतं. झालेलं काम खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत न झालेलं ठरलं होतं.

ती खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "मॅडम, वुई हॅव चेंज्ड द मोल्ड."

"व्हेन?"

"वुई चेंज्ड इट ऑन ट्यूसडे." 'हॅव' आपोआप गळून पडला होता. तिच्याही ते नंतर लक्षात आलं.

"हू चेक्ड द पार्ट्स?"

"आय डिड. आय चेक एव्हरी लॉट मायसेल्फ. आय'म स्टिल चेकिंग द लास्ट बॉक्स. आय'ल सेंड यू द रिपोर्ट बाय फोर."

बाई स्क्रीनजवळ सरकल्या. एकही सील खराब निघालं नाही का, असं त्यांनी विचारलं. करुणानं रजिस्टर उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. "आय फाउंड टू. आय टुक देम आउट."

बाईंनी पान नीट वाचलं. कपाळावरची आठी गेली. "गुड. देन शिप इट," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवण्याआधी सांगितलं की यापुढं क्वालिटीबद्दल त्या करुणाशीच बोलतील.

अतुलसर उठून उभे राहिले. "करुणाताई, सोमवारपासून कॉलवर तुम्ही. कार्डावर क्वालिटी इनचार्ज छापून घेतो."

ती बाहेर आली तर सत्यम दारातच थांबला होता. "ताई, माझ्यामुळं माल अडकला असता," तो खालमानेनं म्हणाला. "मला वाटलं मी बरोबरच बोलतोय."

करुणाला चहाच्या सुट्टीतलं ते हसणं आठवलं. बोलून घ्यायची चांगली संधी होती. "मलापण लई दिवस तसंच वाटायचं," ती म्हणाली. "बस, सांगते कुठं अडतं ते. पण आधी खोका संपवू दे."

चारला वीस मिनिटं कमी असताना रिपोर्ट गेला. खाली पहिल्यांदाच तिचं नाव होतं.

जूनमध्ये बाई पुन्हा आल्या. दोन तास करुणा एकटी त्यांना सगळा कारखाना फिरवत होती. त्या विचारायच्या, ती उत्तर द्यायची. शेवटच्या मशीनपाशी करुणा थांबली. त्यांच्या कारखान्यात ही सीलं तपासतं कोण, त्यात बाया किती आहेत आणि त्यांना काय अडचणी येतात, असं तिनं विचारलं. आजवर तिनं फक्त उत्तरंच दिली होती. पोलंडच्या बाई स्टुलावर बसल्या आणि सविस्तर सांगू लागल्या.