कन्यादानाचं पाणी

खुरपणीच्या बायांनी ओंजळ पुढं केली, की पेठच्या सरूबाई तांब्या त्यांच्याच हातात द्यायच्या. ओंजळीत पाणी घालणं त्यांनी सोडलं होतं, भागू गेली तेव्हापासून.

भागू आळेफाट्याकडच्या अनाथाश्रमातली. अठरा वर्षं भरली की तिथून निघायचं, आणि मुलींना निघायची वाट एकच, लग्न! सरूबाई आणि रखमाजी या निपुत्रिक नवरा-बायकोनं तिचं कन्यादान केलं. पंचक्रोशीत वाहवा झाली. पुढच्याच वर्षी ती अंगावर वळ घेऊन दारात आली.

"आई, मला नर्सिंगला घाला. मी जड न्हाई व्हणार तुमाला."

"दिल्या घरी सुखी राहा गं बाई," म्हणत सरूबाईंनी तिची ओटी भरली आणि तिला एसटीत बसवलं. महिनाभरात तिला सासरच्या विहिरीतून काढलं. आग लागो असल्या पुण्याला!

आता त्याच आश्रमातल्या तेजस्विनीचा नंबर अवसरीच्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागला होता. फीसाठी देणगी म्हणताच सगळ्यांचे हात आखडले. लग्न म्हटल्यावर मात्र कुणी मांडव दिला, कुणी बुंदी, कुणी भांडी. आश्रमाचे अध्यक्ष सोपानशेठ म्हणाले, "शिकवून कुठं पुण्य लागतंय व्हय? सरूबाई, कन्यादानाला तुमीच बसा." नाही म्हणायचं धाडस सरूबाईंना झालं नाही.

मांडवात भटजी म्हणाले, "आई, पाणी सोडा."

सरूबाईंनी कलश उचलला. खाली तेजस्विनीची मेंदीची ओंजळ होती. त्यांना दिसली भागूची, विहिरीच्या पाण्यानं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. त्यांनी कलश खाली ठेवला.

"मुहूर्त टळतोय की!" सोपानशेठ ओरडले.

"टळू द्या. एक पोर बुडवली म्या ह्याच पाण्यात."

"आन् हिला ठिवणार कुठं?"

"माज्या घरी. आई म्हणून बसवलंय ना मला? मग आईच सांगती, पोर शिकणार. मांडवाचं, बुंदीचं पैसं हिच्या फीला द्या."

नवरदेवाकडची मंडळी रागानं उठून गेली. रखमाजींनी तेजस्विनीच्या मुंडावळ्या सोडल्या. "चल पोरी, घरी."

मांडववाल्यानं तेवढे पैसे आणून दिले. बाकीचे बुंदी खाऊन गेले. उरलेली फी रखमाजींनी म्हातारपणाची ठेव मोडून भरली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी निघताना तेजस्विनीनं ओंजळ पुढं केली, "आई, पाणी." सरूबाईंनी धार धरली. पोर प्यायली आणि हसत एसटीला पळाली.

उंबऱ्याशी भागू अजून उभीच असते. नर्सिंगचं विचारते. सरूबाईंना तिला काही सांगता येत नाही. तुम्हीही कुठल्या मांडवाला देणगी दिली असेल, तर तुम्हीच सांगा तिला.